डार्क वेबच्या तोंडाशी बसलेली बाई

आमच्या घरात डार्क वेब शिरलं ते पोह्यांच्या वेळेला. ह्यांच्या मोबाइलवर सूचना आली की तुमची काही माहिती डार्क वेबवर आढळली आहे. ह्यांनी चष्मा पुसला, सूचना पुन्हा वाचली, मला मोठ्याने वाचून दाखवली आणि बशी बाजूला सारली. घाबरले असते तर मी समजू शकले असते. पण ह्यांचा चेहरा लग्नाला गेलं नि कोणी या-बसा म्हटलं नाही, तसा झाला होता.

"माझी माहिती," ते म्हणाले, "आणि मला न विचारता."

हे मानपाड्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. उभी नोकरी लोकांना हेल्मेट घाला, गॉगल लावा, शिडी दोन्ही हातांनी धरा असं सांगण्यात गेली. निवृत्तीनंतर सांगायला कामगार उरले नाहीत, तेव्हा ते सगळं माझ्या वाट्याला आलं. कुकरची शिटी कुठल्या दिशेला हवी, ओल्या हाताने मिक्सरचं बटण का दाबू नये, स्टुलावर चढताना खाली कोण उभं राहणार. मी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना आपण गप्प राहायचं, ही सवय मला सरकारने पगार देऊन लावली. संसारात तिचाच उपयोग झाला.

ह्यांनी लगेच मुलीला फोन लावला. ती ठाण्याला राहते आणि एका कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा बघते. म्हणजे बापाचाच धंदा, फक्त हेल्मेटशिवाय.

"बाबा, अशी सूचना आता अर्ध्या जगाला येते," ती म्हणाली. "कुठल्यातरी ॲपची नाहीतर दुकानाची यादी फुटली असेल. त्यात तुमचा ईमेल नि नंबर गेला. तुम्ही पासवर्ड बदला, सगळीकडे वेगळा ठेवा, आणि पासवर्डनंतर मोबाइलवर कोड येतो ती सोय चालू करा. विषय संपला."

"पण ती माहिती आहे कुठे? मला बघायचीय."

"बघून काय करणार? परत घरी आणणार?"

"अपघात झाला की जागेवर जावं लागतं. केबिनमध्ये बसून चौकशी होत नाही."

मुलीने तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही जाणारच असाल तर नीट तरी जा." आणि तिने सगळं सांगितलं. जुना लॅपटॉप घ्या, ज्यात बँकेचं काही नाही. डार्क वेब नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, त्यासाठी टॉर नावाचा ब्राउझर लागतो, तो त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नको. खरं नाव, नंबर, ईमेल कुठेही टाकू नका. तिथून काही डाउनलोड करू नका, काही विकत घेऊ नका. आणि त्या ब्राउझरची खिडकी उघडेल तेवढीच ठेवा, ताणून मोठी करू नका, कारण स्क्रीनच्या मापावरूनही माणूस ओळखू येतो. "आणि सगळ्यात आधी पासवर्ड, बाबा."

ह्यांनी एकेका वाक्याला मान डोलावली. शेवटच्या वाक्याला डोलावली नाही. ह्यांचा पासवर्ड सगळीकडे एकच होता. गावाचं नाव आणि पुढे जन्मसाल. बँक, वीजबिल, गॅस, घरातलं वायफाय, सगळ्याला तोच. बदलला तर विसरेन, हे त्यांचं म्हणणं. चार कुलपांना एक किल्ली असली की चोराला कमी त्रास होतो, असं मी एकदा म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले, की चोराला आधी आपलं गाव तरी माहीत पाहिजे. ह्यांचं गाव दाराबाहेरच्या पाटीवर आडनावाखाली लिहिलेलं आहे.

पुढचे काही दिवस ह्यांनी तयारी केली. कंपनीत बंद टाकीत माणूस उतरवायचा असला की एक पद्धत असते. आधी आतली हवा तपासायची, परवाना काढायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस बसवायचा. त्या माणसाने दुसरं काही करायचं नाही. आत गेलेल्याकडे लक्ष ठेवायचं आणि हात वर दिसला की खेचायचं. त्याला स्टँडबाय म्हणतात. ह्यांनी ठरवलं, की डार्क वेब ही बंद टाकीच आहे. ते आत उतरणार आणि मी स्टँडबाय.

"मी नक्की काय करायचं?" मी विचारलं.

"राउटरच्या बटणावर हात ठेवून बसायचं. मी हात वर केला की बंद."

"आणि भाजी?"

"स्टँडबायने जागा सोडायची नसते."

मग गुप्ततेचा मुद्दा निघाला. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, असं मला बजावून ते खाली हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि काळं जाड कापड मागितलं. कशाला हवंय असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा "तो कामाचा भाग आहे, सांगता येणार नाही" असं उत्तर दिलं. सुतार पडद्याची दांडी बसवायला आला, त्यालाही तेच सांगितलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावायला औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणली. तिथल्या मुलीने कुठे लागलं काका, असं विचारलं, तर म्हणाले, "मला नाही, कॅमेऱ्याला." समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दारात उभ्या राहून सुताराचं काम बघत होत्या. एवढ्या उकाड्यात काळा पडदा कशाला, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "गोपनीय आहे."

साधी बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टने जाते. गोपनीय असली की जिन्याने धावत जाते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आले. एरवी पार्किंगवरून ह्यांच्याशी बोलत नसत. चहा घेऊन झाला तरी उठेनात. शेवटी म्हणाले, की मुलीसाठी एक स्थळ आलंय, मुलगा बाहेरदेशी असतो, तर तिथे त्याचं काही बघता येईल का. "तिथे म्हणजे कुठे?" ह्यांनी विचारलं. त्यांनी काळ्या पडद्याकडे मान वळवली. त्यांच्या पाठोपाठ काकू आल्या. त्यांचं काम लहान होतं. गणपतीत कोकणात जायची रेल्वेची तिकिटं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात, ती नक्की तिथेच जात असणार, तर दोन खालच्या बर्थ मिळतात का तेवढं बघा. मी एक्स्चेंजात असताना लोक फोनवर आधी "हे कोणाला सांगू नका" असं ओरडून सांगत आणि मग पुढचं बोलत. इतक्या वर्षांनी तंत्रज्ञान बदललं, एवढाच फरक.

ह्यांना आधी राग आला. मग हळूहळू बरं वाटायला लागलं असावं, कारण त्यांनी येणाऱ्याला बसा म्हणायला सुरुवात केली. "आधी आत जाऊन पाहणी करतो," असं ते डॉक्टरसारखं सांगत. अजून ते आत गेलेलेही नव्हते.

सोसायटीचे चेअरमन आले तेव्हा मात्र मी हातातलं काम ठेवलं. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची. तिथे भातशेती होती, ती त्यांनी लहानपणी पाहिलेली. गळ्यात जाड साखळी, पांढरे बूट, मीटिंगमध्ये आवाज चढा. त्या दिवशी ते चप्पल बाहेर काढून आले आणि खुर्चीच्या कडेला बसले.

"वहिनी, तुमी पन बसा," ते म्हणाले. "काका, तुमी तिकडं जाताव म्हनतात. मना एक काम व्हतं."

त्यांचा मोबाइल मागच्या वर्षी कल्याण स्टेशनाबाहेर चोरीला गेला होता. फोनचं त्यांना काही नव्हतं. त्यात त्यांच्या आईचा व्हिडिओ होता. आई धवलारीण होती, म्हणजे त्यांच्या समाजात लग्नविधीची गाणी, धवले, म्हणणारी बाई. आजूबाजूच्या गावांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. नातीच्या हळदीत ती शेवटची गायली, ते चेअरमननी मोबाइलवर घेतलं होतं. पुढे पावसाळ्यात ती गेली. चोरीच्या फोनमधलं सगळं डार्क वेबवर विकायला जातं, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"दुसरा कायपन नको. आयेचा गाना तेवढा मिलला तर बघा."

ह्यांनी त्यांना पाहणी करतो असं सांगितलं नाही. नुसतं "बघतो" म्हणाले आणि ते गेल्यावर बराच वेळ चिकटपट्टीचा कोपरा दाबत बसले.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर हे आत उतरले. दार लावलं, पडदा ओढला, पंखा बंद केला, कारण त्याच्या आवाजात स्टँडबायला हाक ऐकू येणार नाही. मी राउटरच्या शेजारी पाटावर बसले. ह्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. का, ते मी विचारलं नाही.

टॉर सुरू झाला. मग पान उघडायला वेळ लागला. मग आणखी वेळ लागला. माहिती म्हणे तीन ठिकाणांहून वळसे घेत येते, म्हणजे कोण कुठून बघतंय ते कळत नाही. मी भिंतीला डोकं टेकलं.

"झोपू नकोस."

"टाकीत काय दिसतंय?"

"अजून पायरीवरच आहे."

थोड्या वेळाने हे वाचून दाखवू लागले. पत्ते विचित्र, नुसती अक्षरं आणि आकडे, शेवटी 'ओनियन', म्हणजे कांदा. एका ठिकाणी पुस्तकांचा साठा होता. एका ठिकाणी कोणत्यातरी परदेशी वर्तमानपत्राची आवृत्ती होती, ज्या देशांत त्याच्यावर बंदी आहे तिथल्या लोकांसाठी. एका ठिकाणी माणसं बुद्धिबळाबद्दल भांडत होती. ह्यांचा आवाज निराश झाला. मग एक दुकान लागलं, फुटलेल्या याद्या विकणारं.

"अगं, ह्यांच्याकडे तक्रार खिडकी आहे," हे म्हणाले.

"कोणाकडे?"

"चोरांकडे. माल बरोबर निघाला नाही तर बदलून देतात. गिऱ्हाइकांनी तारे दिलेत. एकाने लिहिलंय, याद्या जुन्या निघाल्या पण वागणूक सौजन्याची होती. सणाची सूटसुद्धा आहे." ते थोडं थांबले. "आपल्या बिल्डरने गळतीच्या पत्राला अजून उत्तर दिलं नाही."

त्या दुकानात शोधायची चौकट होती. तुमची माहिती इथे आहे का पाहा, असं तिच्यावर लिहिलं होतं. नाव, ईमेल, मोबाइल टाका. माझा हात बटणावर घट्ट झाला, कारण ह्यांची बोटं कीबोर्डवर गेलेली मला दिसली. उभ्या जन्मात कोणी फॉर्म पुढे केला आणि ह्यांनी भरला नाही, असं झालेलं नाही.

"अहो, मुलगी काय म्हणाली?"

"माहितीय," ते म्हणाले आणि बोटं मागे घेतली. "चोराच्या घरी जाऊन आपलं नाव सांगायचं आणि विचारायचं, माझं काही चोरलंत का. चांगली युक्ती आहे." ते कौतुकाने म्हणाले. सेफ्टी ऑफिसरला सापळा नीट बनवलेला असला की आवडतो.

पुढचं सगळं चष्म्यामुळे झालं. अक्षरं बारीक होती. ह्यांनी नेहमीच्या सवयीने वरच्या कोपऱ्यात क्लिक केलं आणि खिडकी पूर्ण स्क्रीनभर पसरली. वर एक इशारा आला. ह्यांनी तो न वाचता हात वर केला. मी बटण दाबलं. राउटरचे दिवे विझले. ह्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो बंद पंख्यामुळेही असेल.

मग समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आमची बेल वाजली. काकू होत्या, हातात मोबाइल.

"अहो, तुमचं नेट गेलं का? माझी मालिका अर्ध्यात थांबली."

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आमचं नेट गेलं तर तुमची मालिका कशी थांबेल?"

काकूंना प्रश्न कळला नसावा. त्यांनी सरळ सांगितलं. त्या पहिल्यापासून आमच्याच नेटवर होत्या. पासवर्ड त्यांनी कधी मागितला नव्हता, कारण मागायची गरजच पडली नव्हती. नव्याने वायफाय घेतलं तेव्हा हे मला ते जोडून देताना पासवर्डचं एकेक अक्षर मोठ्याने सांगत होते आणि दार उघडं होतं. आमच्या खालच्या फ्लॅटमधले भाडेकरूही ह्याच्यावरच होते, त्यांना पासवर्ड काकूंनी दिला. चौथ्या मजल्यावर मात्र त्यांनी दिला नव्हता. "उगाच कोणालाही देऊ नये," त्या म्हणाल्या.

हे खुर्चीत बसले. तीन ठिकाणांहून वळसे घेऊन, कॅमेऱ्याला पट्टी लावून, काळा पडदा ओढून आत उतरलेला माणूस, आणि त्याच्या दोराला अर्धा मजला लोंबकळत होता. मी हसले नाही. पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे हसले.

संध्याकाळी ह्यांनी मुलीला फोन केला. सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, खिडकी मोठी केल्याचंही. ती म्हणाली, की त्याने काही आभाळ कोसळत नाही. मग दोघांनी फोनवरच एकेक पासवर्ड बदलला. कोडची सोय चालू केली. आधार कार्डाला कुलूप असतं तेही लावलं. ह्यांची माहिती गेली कुठून, याचाही अंदाज आला. एका मिठाईच्या दुकानात वाढदिवसाला पेढे सवलतीत मिळावेत म्हणून ह्यांनी नाव, नंबर, ईमेल आणि जन्मतारीख स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. ते दुकान की दुसरं कुठलं, ते नक्की कळणार नाही, पण तशा ठिकाणांची आठवण काढता काढता मुलगी कंटाळली.

चेअरमनना सांगणं उरलं होतं. हे ते टाळत होते. शेवटी मीच म्हणाले, चला, जाऊन सांगू. आम्ही दाराबाहेर पडलो तर काकू वायफायचा नवीन पासवर्ड विचारायला उभ्याच होत्या. कुठे निघालात म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून बरोबर आल्या.

चेअरमनच्या घरी ह्यांनी फिरवून सांगितलं नाही. "मी आत जाऊन आलो. तिथे असं काही शोधता येत नाही. चोर फोन विकतात, आतलं पुसून टाकतात. तुमच्या आईचं गाणं त्यांना कशाला हवं? मला आधीच सांगायला हवं होतं."

चेअरमननी मान हलवली. "नाय नाय. तुमी गेलाव तरी," ते म्हणाले. "बाकी कोन जातंय?"

तेवढ्यात काकूंनी विचारलं, "कुठलं गाणं? ते हिरव्या लुगड्यातलं का? मागे हळदीची मडकी होती, आणि कोणाचं तरी पोर सारखं मध्ये येत होतं?"

चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले.

"तुम्ही नव्हतं का ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं, चुकून? सगळे ओरडले, घरगुती व्हिडिओ टाकू नका म्हणून. तुम्ही मग काढून टाकलंत."

ते चुकून झालं होतं आणि चेअरमन विसरले होते. ओरडणाऱ्यांत हेही होते. ग्रुपची शिस्त, असा त्यांचा मेसेज होता. पण काकूंच्या मोबाइलमध्ये जे येतं ते आपोआप उतरतं, आमच्या नेटवरून, आणि काकू काहीच पुसत नाहीत. त्या सोफ्यावर बसल्या आणि बोटाने मागे मागे सरकवू लागल्या. गुलाबाची फुलं, सुप्रभात, उपवासाच्या कृती, पाणी बंद राहणार असल्याच्या सूचना, कोणाच्या तरी बारशाचे फोटो. चेअरमनच्या बायकोने आणलेला चहा निवला.

"हे बघा," काकू म्हणाल्या.

व्हिडिओ हलत होता आणि ढोलाचा आवाज मध्येच फाटत होता. पण म्हातारीचा आवाज त्याच्या वरून येत होता, करकरीत आणि कोणाची पर्वा नसलेला. चेअरमननी मोबाइल हातात घेतला नाही. काकूंच्या हातात धरलेलाच वाकून बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "परत लावा." त्यांनी परत लावला. ह्यांनी चष्मा काढला आणि खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहत राहिले.

मग काकूंनी तो चेअरमनच्या नव्या फोनवर पाठवला. ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, की आता याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, फोनला चांगला पासवर्ड लावा, आणि कुठेही टाकायच्या आधी घरच्यांना विचारा. चेअरमन हो हो म्हणाले. त्यांचं बोलणं संपायच्या आत व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर गेला होता.

पहिला फोन मोहन्याहून त्यांच्या मोठ्या बहिणीचा आला. त्यांनी स्पीकर लावला. मला वाटलं, बाई रडत असेल. पण ती वैतागली होती. आईने एक कडवं गाळलं होतं, असं तिचं म्हणणं. हळदीच्या घाईत कोणीतरी मध्ये पान-सुपारी पुढे केली आणि आई पुढच्या कडव्यावर गेली. तेव्हाच टोकलं असतं, पण लग्नघरात कोण टोकणार.

"म्हन की मग तू," चेअरमन म्हणाले.

ती आधी नाही म्हणाली. आवाज बसलाय, गुडघा दुखतोय, घरात पाहुणे आहेत. मग तिकडे कोणीतरी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं, आणि तिने सुरुवात केली.